घराची हमी आणि हरवलेले कागद

ज्या नोटा देशभर हातोहात फिरतात, त्यांपैकी कितीतरी माळव्यातील देवास गावी छापल्या जातात. नाशिकप्रमाणे तेथेही नोटांचा सरकारी छापखाना आहे. तो १९७०च्या दशकात सुरू झाला, आणि नोटांना लागणारी शाई तयार करण्याचा कारखानाही तेथेच आहे. नोट हा मोठा विलक्षण कागद होय. ती हरवली म्हणजे पैसाच हरवला. कोणत्याही कचेरीत जाऊन ‘नोट हरवली, तिची नक्कल द्या’ असे म्हणता येत नाही. फाटली तर रिझर्व्ह बँकेचा हिशेब ठरलेला आहे. पन्नास रुपयांच्या किंवा त्याहून मोठ्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, आणि त्याहूनही कमी उरला असेल तर काहीच नाही. कागद जेवढा उरला तेवढे त्याचे मोल उरले, असा हा रोकडा न्याय आहे.

विम्याच्या पॉलिसीचा कागद या जातीचा नव्हे. विमा कंपनीने हप्ता स्वीकारला आणि जोखीम पत्करली म्हणजे करार पुरा झाला. त्यानंतर जो कागद घरी येतो तो त्या कराराचा साक्षीदार असतो. साक्षीदार परगावी गेला म्हणून घडलेली गोष्ट न घडलेली ठरत नाही. परंतु मध्यमवर्गीय घरात पॉलिसीकडे पाहण्याची दृष्टी बहुधा नोटेकडे पाहण्याचीच असते. कागद आहे तोवर हक्क आहे. कागद गेला की हक्कही गेला, असे मनाने ठरवून मंडळी गप्प बसतात. या गैरसमजाने दरवर्षी किती न्याय्य मागण्या दारातल्या दारातच मरत असतील, याची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही. कारण ज्या मागण्या केल्याच गेल्या नाहीत त्यांची नोंद ठेवणार कोण?

देवासच्या टेकडीखाली, जुन्या वस्तीत राहणाऱ्या एका वृद्ध बाईंचे उदाहरण कल्पावे. हे उदाहरण कोणा एकीचे नव्हे. अशा बाया गावोगाव आहेत. यजमान नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा हाती आलेल्या पैशांतून त्यांनी वडिलोपार्जित घराची डागडुजी केली. गच्चीतून पाणी झिरपत असे, तिच्यावर ठेकेदाराकडून जलरोधक थर घालून घेतला. वाळवीवर औषध मारून घेतले. दोन्ही कामांची लेखी हमी मिळाली. शिवाय बँकेतल्या कोणा ओळखीच्या माणसाच्या सल्ल्याने घराचा दीर्घ मुदतीचा विमा उतरविला. सारे कागद एका पत्र्याच्या ट्रंकेत, एका पिवळ्या पाकिटात. त्या पाकिटात काय आहे हे एकट्या यजमानांना ठाऊक. पुढे यजमान वारले. त्यानंतरच्या एका श्रावणात वादळी पावसाने मागील खोलीची भिंत कोसळली आणि पाणी घरात शिरले. ज्या पावसाने भिंत पाडली त्याच पावसाने ट्रंकेतल्या कागदांचा लगदा केला. बाई विचारपूस करावयास एका कचेरीत गेल्या, तेव्हा खिडकीआडून उत्तर आले, ‘माताजी, पहले कागज़ लेकर आइए.’

एवढ्या एका वाक्याने बाई परतल्या. भिंत पडल्याचे दुःख त्यांना होतेच; त्यात आता आपण खोटे बोलत आहो असे कोणी समजेल, ही लाज मिसळली. देवाससारख्या गावी आणखी एक अडचण असते. घरात मराठी, परंतु कचेरीचा सारा व्यवहार हिंदीत. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहूनही जुन्या मराठी घरांतील बायकांना सरकारी हिंदीतील अर्ज परका वाटतो, आणि तो लिहून घेण्यासाठी शेजारच्या कॉलेजातील मुलाची मनधरणी करावी लागते.

येथे थोडे विषयांतर केले तर ते क्षम्य ठरावे, कारण पडणाऱ्या भिंतींचा आणि न सापडणाऱ्या हमीचा देवासशी संबंध जुना आहे. बाजीराव पेशव्यांच्या काळी, १७२८ साली, माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी पवार या बंधूंपासून देवासची दोन राज्ये झाली. थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, वरची देवीची टेकडी एक, आणि राजे मात्र दोन. इंग्रजांनी १८१८ साली तह केला तोही दोघांशी. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्या पदरी १९२१ साली खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी तेथील दिवसांची हकीकत पुढे ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सांगितली आहे. त्यांची राहण्याची सोय नव्या राजवाड्यात होती. त्या वाड्याचे बांधकाम चालूच होते, आणि दहा वर्षांपूर्वी बांधून झालेले भाग तोवर पडू लागले होते. खर्च आणि नासाडी पाहून त्या गृहस्थांना रडू यायचे तेवढे बाकी होते. राजाच्या घराची ही कथा! वाडा बांधणाऱ्याकडून काही हमी लिहून घेतली होती की नाही, कोण जाणे. घेतली असती तरी तो कागद धुंडाळण्याचे काम बहुधा चिटणिसांच्याच गळ्यात पडले असते.

माळव्यातील घरे तडकतात याला केवळ गवंड्याचा हलगर्जीपणा कारण नसतो. तेथील काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कापसाला ती चांगली, पायाला वाईट. वर्षानुवर्षे खालची जमीन अशी श्वास घेत राहिली म्हणजे वरच्या भिंतीला चिरा जातात, चिरांतून ओल शिरते, गिलाव्याचे पोपडे सुटतात. म्हणूनच दुरुस्ती करणारा जेव्हा पाच किंवा दहा वर्षांची हमी देतो तेव्हा ती हमी फार मोलाची वाटते. आणि म्हणूनच तिचे नेमके स्वरूप काय हे ओळखणेही अगत्याचे असते.

इंग्लंडमध्ये दुरुस्तीच्या हमीचा खराखुरा विमा रूढ आहे. तेथे काचेच्या खिडक्या बसविणारा किंवा भिंतीची ओल काढणारा कारागीर दहा वर्षांची हमी देतो, आणि त्या हमीच्या पाठीशी विमा कंपनी उभी असते. कारागिराचे दुकान बंद पडले तर कंपनी ते काम निस्तरते. नव्या घरांसाठी १९३६ साली स्थापन झालेल्या गृहबांधणीविषयक राष्ट्रीय मंडळाची दहा वर्षांची हमी प्रसिद्ध आहे. खिडक्यांसाठी २००२ पासून ‘फेन्सा’ नावाची योजना आहे. तिचे प्रमाणपत्र हरवले तर थोडे शुल्क भरून नक्कल मागविता येते. लंडन, लेस्टर येथे घरे घेतलेल्या मराठी कुटुंबांना घर विकण्याच्या वेळी या नकलेचे महत्त्व बरोबर कळते, कारण घेणाऱ्याचा वकील पहिल्यांदा तीच मागतो.

हिंदुस्थानात अशी सरसकट पद्धत नाही. येथे ‘गॅरंटी’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी खपतात. ठेकेदार मुद्रांक कागदावर किंवा नुसत्या पावतीवर लिहून देतो ती एक. रंगाची अथवा जलरोधक द्रव्याची कंपनी आपल्या मालापुरती देते ती दुसरी. बांधकाम व्यावसायिकाकडून घेतलेले घर असेल तर कायद्याने येणारी जबाबदारी निराळी: स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ अन्वये ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधणीतील दोष नजरेस आणून दिला, तर बांधणाऱ्याने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. आणि विमा कंपनीची पॉलिसी या साऱ्यांहून वेगळी. भारत गृह रक्षा या नावाची जी प्रमाण पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी द्यावयाची आहे, ती आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, जमीन खचणे, पाण्याची टाकी वा नळ फुटणे अशा आपत्तींची भरपाई देते. निकृष्ट कामामुळे किंवा वयोमानामुळे झालेली झीज ती भरून देत नाही. गच्ची पुन्हा गळू लागली तर ठेकेदाराकडे जावयाचे. वादळात भिंत पडली तर विमा कंपनीकडे. हा भेद न कळल्यामुळे माणसे भलत्याच दारी जाऊन नकार घेऊन येतात आणि सगळीकडूनच नकार आला असे समजतात.

आता त्या बाईंकडे वळावे. त्यांच्यापाशी पॉलिसी नाही, तिचा क्रमांक नाही, कंपनीचे नावही नक्की आठवत नाही. पण यजमानांचे बँकेचे पासबुक असते. हप्ता रोखीने दिला असेल तर गोष्ट अवघड. पण तो खात्यातून गेला असेल तर खात्याच्या उताऱ्यावर ज्या दिवशी गेला तो दिवस, रक्कम आणि बहुधा कंपनीचे नाव उमटलेले असते. उतारा ओळीओळीने वाचावा लागतो. मध्येच वीस रुपयांची एक ओळ दिसते; ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची, म्हणजे अपघाताची, तिचा घराशी संबंध नाही. अशा दोन-चार फसव्या ओळी ओलांडल्यावर ती एक ओळ सापडते. त्या ओळीत करार जिवंत असतो.

तेवढ्या आधाराने कंपनीच्या शाखेला लेखी अर्ज करता येतो: विमेदाराचे नाव, घराचा पत्ता, हप्त्याची तारीख व रक्कम, मूळ कागद पावसात नष्ट झाल्याचे निवेदन, आणि पॉलिसीची नक्कल मिळावी अशी मागणी. कंपनीच्या दफ्तरी ती पॉलिसी असतेच. एप्रिल २०२४ पासून तर कंपन्यांनी पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावी असा विमा नियामक प्राधिकरणाचा दंडक आहे, त्यामुळे अलीकडच्या पॉलिसीच्या बाबतीत कागद हरवला या वाक्यालाच फारसा अर्थ उरलेला नाही. जुन्या पॉलिसीसाठी कोणी प्रतिज्ञापत्र मागतील, कोणी मुद्रांक कागदावर क्षतिपूर्तीचा बंध लिहून घेतील, कोणी पोलीस ठाण्यात नोंद करावयास सांगतील. ही कामे कंटाळवाणी आहेत, अवघड नाहीत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेण्यास मात्र विसरू नये. कागद हरवलेल्या माणसाने निदान हा नवा कागद हरवू देऊ नये.

नक्कल येईपर्यंत भिंतीची खबर देण्याचे थांबू नये. खबर आधी, कागद मागाहून. बहुतेक लोक याच ठिकाणी चुकतात. आधी पाकीट शोधतात, महिना घालवितात, तोवर विटा उचलल्या जातात, शेजाऱ्याच्या मदतीने पत्रे ठोकून आडोसा केला जातो, आणि कंपनीचा पाहणी अधिकारी येतो तेव्हा पाहण्यासारखे काही शिल्लक नसते. पडझड आवरण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत. शेजारच्या मुलाच्या हातातील फोन येथे ट्रंकेपेक्षा अधिक उपयोगाचा. उशीर झालाच असेल तरी धीर सोडण्याचे कारण नाही. खऱ्या मागण्या केवळ विलंबाच्या सबबीवर यांत्रिकपणे नाकारू नयेत, असे विमा नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे. आणि जून २०२४ मध्ये सर्वसाधारण विम्याविषयी जे मुख्य परिपत्रक निघाले, त्यात तर कागदपत्रांच्या अभावी कोणतीही मागणी फेटाळू नये, असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. जे कागद हवेत ते विमा उतरवितानाच मागून घ्यावेत, आणि नुकसानीनंतर त्या मागणीशी प्रत्यक्ष संबंधित असतील तेवढेच मागावेत. ‘पहले कागज़ लेकर आइए’ या खिडकीआडच्या वाक्याला याहून सरळ उत्तर सापडणार नाही. ते परिपत्रक त्या खिडकीपर्यंत पोहोचले आहे की नाही, हा प्रश्न वेगळा.

यजमान हयात नाहीत, मग पॉलिसी कोणाची? हीही शंका बाईंना छळते. भारत गृह रक्षा पॉलिसीच्या अटींत याचे उत्तर आहे: विमेदार वारला तरी मुदत संपेपर्यंत विमा त्याच्या कायदेशीर वारसांच्या लाभासाठी चालू राहतो. मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा एवढे जोडावे लागते. घर आपले आहे हे दाखविण्यासाठी मूळ खरेदीखत नसले तरी उपनिबंधकाच्या कचेरीतून त्याची प्रमाणित प्रत मिळते, आणि देवासच्या नगर निगमात मालमत्ता कराच्या पावत्यांची नोंद असते.

भिंत वादळाने पडली की म्हातारपणाने, हा खरा वादाचा मुद्दा. पाहणी अधिकारी तोच उकरणार. येथे मध्य प्रदेशातील एक सोय कामी येते आणि तिचा विचार फारसा कोणी करीत नाही. नैसर्गिक आपत्तीने घर पडले तर तेथील सरकार महसुली परिपत्रकाच्या सहा-चार या क्रमांकाच्या तरतुदीनुसार मदत देते. त्यासाठी पटवारी, ज्याला महाराष्ट्रात तलाठी म्हणतात, तो येऊन पंचनामा करतो. मदतीची रक्कम लहान असो की मोठी, तो पंचनामा त्याहून मोलाचा असतो. अमुक तारखेला, अमुक घराची, अमुक भिंत पावसाने पडली असे सरकारी माणसाने, ज्याचा विम्याशी काडीचा संबंध नाही अशाने, लिहिलेले असते. जोडीला त्या दिवशी तहसिलीत किती पाऊस झाला याची नोंद मिळविता आली तर बाईंची बाजू भक्कम होते. ज्या बाईंजवळ सकाळी एक कागद नव्हता, त्यांच्याजवळ अशा रीतीने हळूहळू पाच-सहा कागद जमतात, आणि त्यांतला एकही ट्रंकेत नव्हता.

कागदाला दुसरा अर्धा भाग असतो ही कल्पना फार प्राचीन आहे. कॅथॉलिक बायबलात तोबित नावाच्या एका सज्जनाची कथा येते. त्याने परदेशी एका नातलगाकडे दहा तालांत चांदी ठेवावयास दिली आणि लेख करून त्याचे दोन भाग केले. एक भाग आपल्याजवळ, दुसरा त्या ठेवीजवळ. वीस वर्षांनंतर आंधळा आणि दरिद्री झालेल्या तोबिताला त्या ठेवीची आठवण झाली आणि त्याने मुलाला तिकडे पाठविले. त्याला पैसे मिळाले ते नुसत्या त्याच्या हातातील तुकड्यामुळे नव्हे. दुसरा तुकडा पलीकडे जपला गेला होता, आणि ठेव राखणारा मनुष्य प्रामाणिक होता. वसईच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पिढ्यान्‌पिढ्या राखल्या जातात त्याही याच न्यायाने. दाखला हरवला म्हणून कोणाचा बाप्तिस्मा रद्द होत नाही. पाद्रीबुवा वही उघडतात आणि नवा दाखला लिहून देतात. विमा कंपनीची वहीही वहीच आहे. ती उघडावयास लावणे एवढेच काम असते, आणि तेवढ्यासाठी कधी कधी फार खेटे घालावे लागतात.

कायद्यानेही हे तत्त्व मानले आहे. मूळ दस्तऐवज नष्ट झाला वा हरवला तर त्यातील मजकुराचा दुय्यम पुरावा देता येतो, असे १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात होते. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६० मध्येही ते तसेच आहे. नक्कल, छायाप्रत, कागद स्वतः पाहिलेल्या माणसाची साक्ष, या साऱ्यांना मग जागा मिळते.

तथापि सर्वच कागदांना असा दुसरा अर्धा नसतो, हे सांगितलेच पाहिजे. ठेकेदाराने गच्चीसाठी दिलेली हमी ही त्यांतली. ठेकेदार वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असेल आणि त्याने रीतसर बिल दिले असेल, तर त्याला आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावेच लागतात. म्हणजे सहा वर्षे बिलाचा दुसरा अर्धा त्याच्या दफ्तरात कायद्याने जिवंत आहे. परंतु गच्च्या करणारे बहुतेक कारागीर इतके लहान असतात की त्यांना ती नोंदणी लागू होत नाही. त्यांचे दफ्तर म्हणजे खिशातली डायरी. अशा माणसाकडून मिळालेली हमी ज्या दिवशी हरवली त्या दिवशी ती बरीचशी त्याच्या सचोटीवर येऊन पडते. तरीही आशा अगदीच नसते. जलरोधक द्रव्य कोणत्या दुकानातून आणले, त्या दुकानाची पावती, कंपनीने मालाच्या हमीसाठी केलेली नोंद, पैसे खात्यातून दिले असतील तर ती ओळ, काम चालू असता मोबाइलवर झालेली निरोपांची देवघेव, यांतून पुष्कळदा पुरते सूत्र हाती लागते. वाळवीच्या औषधाची हमी मात्र वाळवीनेच खाल्ली, असेही घडते. मग हसावे की रडावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

बँकेकडून गृहकर्ज घेतलेल्यांची स्थिती पुष्कळ बरी. मूळ कागद बँकेत असतात, आणि कर्ज देताना विमा उतरविला असेल तर त्याची प्रतही बहुधा तेथेच असते. मात्र बँकेनेच कागद हरविले तर? हेही घडते. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ च्या निर्देशाने याला आळा घातला आहे. कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावयाचे. बँकेच्या दोषाने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. कागद हरवले किंवा खराब झाले असतील तर प्रमाणित प्रती मिळविण्यास बँकेने साहाय्य करावयाचे, त्याचा खर्चही सोसावयाचा. त्यासाठी तिला आणखी तीस दिवस मिळतात आणि त्यानंतर भरपाईचे मीटर सुरू होते. सामान्य माणसाने कागद हरविला तर त्याला दंड प्रतिज्ञापत्राचा. बँकेने हरविला तर दंड रोज पाच हजारांचा. हा भेद न्याय्यच आहे, कारण कागद सांभाळणे हा बँकेचा धंदा आहे आणि बाईंचा नव्हे.

एवढे करूनही कंपनीने नकार दिला किंवा नुसतेच मौन धरले तर? आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर विमा लोकपाल. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी त्यांची कचेरी भोपाळला आहे; तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार नोंदविण्याची मुभा दिली आहे. कंपनीचे मुख्य ठाणे मुंबईला असले तरी देवासच्या बाईंना मुंबई गाठावी लागत नाही. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीच नाही, आणि घराच्या विम्याचा हप्ता त्याच्या आसपासही जात नाही. मुदत दोन वर्षांची. आणि विशेष म्हणजे दस्तऐवज हजर करण्याचा हुकूम देण्याचा दिवाणी न्यायालयाचा अधिकार आयोगाला आहे. जी पॉलिसी बाईंना कचेरीच्या खिडकीपाशी दिसली नाही, ती आयोगापुढे कंपनीला आपल्या हाताने आणून ठेवावी लागते.

हे सारे करण्यास त्या बाईंना किती दिवस लागतील? पासबुकाची ओळ शोधण्यास एक दुपार. पटवाऱ्याला गाठण्यास कदाचित आठवडा, कारण पावसाळ्यात तो गावोगाव पंचनामेच करीत असतो. अर्ज, प्रतिज्ञापत्र, शाखेचा शिक्का यांत आणखी दोन-चार फेऱ्या. कॉलेजातील मुलगा बरोबर असला तर त्या फेऱ्या एकटीच्या होत नाहीत, आणि खिडकीआडचा माणूसही जरा वेगळ्या आवाजात बोलतो. पाहणी अधिकारी येईल त्या दिवशी पडलेल्या विटा जेथल्या तेथे असाव्यात, आणि भिजलेला तो कागदाचा लगदा, कोणी कितीही हसले तरी, फेकून न देता वाळवून एका पिशवीत ठेवलेला असावा. शाईचा एखादा आकडा, शिक्क्याची एखादी कड त्यातही वाचता येते, आणि कधी कधी पॉलिसीच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक तेवढेच उरलेले असतात.